रेलिगेशनच्या तोंडावर अवे मॅच आलीये? मग आठवडाभर जीव असा सांभाळा

आधीच सांगतो, हे टायटलसाठी भांडणाऱ्या टीमच्या फॅन्ससाठी नाहीये. सिटी, आर्सेनल, लिव्हरपूलवाल्यांचं टेन्शन म्हणजे श्रीमंतांचं टेन्शन, हरले तर दुसरे येतात आणि ऑगस्टमध्ये परत चॅम्पियन्स लीग खेळतात. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांची टीम एप्रिल संपत आला तरी टेबलच्या तळाशी, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या (रेलिगेशनच्या) तोंडावर लटकतेय, शेवटची मॅच राहिलीये, आणि ती पण दुसऱ्याच्या मैदानावर, म्हणजे अवे.

मी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सचा. पुण्यात बसून ब्लॅकबर्न कशाला असं सगळेच विचारतात, तर नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या कोंबडीवाल्या वेंकीज कंपनीनी हा क्लब घेतला, इथल्या पेपरांत बातम्या आल्या, ऑक्टोबर २०११ मध्ये टीम बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी खेळून पण गेली, आणि आमच्यासारखे काही जण तेव्हा जे चिकटले ते चिकटलेच. घरी अजून "ती कोंबडीवाल्यांची टीम" असंच म्हणतात. मालकांवरून तिकडच्या लोकांचा राग किती आहे ते जगजाहीर आहे, मे २०१२ मध्ये विगनकडून हरून प्रीमियर लीगमधून खाली गेलो त्या रात्री कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळून खरीखुरी कोंबडी मैदानात सोडली होती, पण तो विषय आत्ता नको, त्यात शिरलो की रात्र पुरत नाही.

या क्लबचं एक आहे, मोठे निकाल याच्या वाट्याला बहुतेक वेळा बाहेरच्या मैदानावर येतात. १९९५ ला प्रीमियर लीग जिंकली ती लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर, २०११ ला वाचलो ते वुल्व्ह्जच्या मोलिन्यूवर, २०१७ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलो ते ब्रेंटफर्डच्या ग्रिफिन पार्कवर, २०२४ ला वाचलो ते लेस्टरच्या किंग पॉवरवर. म्हणून अवे मॅचच्या धाकधुकीबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क आम्हाला आहे असं समजा.

आणि माझं म्हणणं एकच आहे. टेन्शन घालवायच्या भानगडीत पडू नका, ते जात नाही, त्याला टाइमटेबल लावून द्या. कधी गणित करायचं, कधी आशा धरायची, कधी घाबरायचं, आणि कधी फोन उलटा ठेवायचा.

गणित एकदाच, आणि कागदावर

बुधवारी करा. सोमवार-मंगळवार मागच्या मॅचचं सुतक असतं, गुरुवारनंतर डोकं चालत नाही. चॅम्पियनशिपमध्ये (प्रीमियर लीगच्या खालची लीग) २४ टीम, ४६ मॅच, खालच्या ३ खाली. प्रीमियर लीगमध्ये २० टीम, ३८ मॅच, खालच्या ३ खाली. हे सगळ्यांना माहीत असतं तरी लोक अख्खं टेबल समोर घेऊन बसतात आणि बाराव्या नंबरच्या टीमचं पण गणित करतात. त्याची गरज नाहीये. फक्त ज्यांना तुम्ही पकडू शकता आणि जे तुम्हाला पकडू शकतात तेवढ्याच टीम लिहा, प्रत्येकीपुढे आत्ताचे पॉईंट्स, जिंकली तर किती, ड्रॉ झाला तर किती, आणि गोल डिफरन्स, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल, पॉईंट्स सारखे झाले की तोच ठरवतो. मग एकच प्रश्न विचारायचा, आपल्याला एक पॉईंट पुरतो का. पुरत असेल तर आठवडा वेगळा जातो, नसेल तर वेगळा.

२०२४ चं उदाहरण घ्या. शेवटच्या मॅचआधी रोव्हर्स ५०, शेफिल्ड वेन्सडे ५०, प्लिमथ ४८, बर्मिंगहॅम ४७. आमची मॅच लेस्टरला, जे आधीच चॅम्पियन होऊन बसलेले. एक पॉईंट मिळाला की ५१, बर्मिंगहॅम जास्तीत जास्त ५०, म्हणजे विषय संपला. हरलो तर मात्र बाकीच्यांकडे डोळे लावून बसायचं. आता बघा, त्या दिवशी शेफिल्ड वेन्सडे जिंकले, प्लिमथ जिंकले, बर्मिंगहॅम पण जिंकले. तिघंच्या तिघं. म्हणजे ज्या लोकांनी आठवडाभर "अरे ते तिघं काय जिंकतायत" असं म्हणून स्वतःची समजूत काढली होती त्यांची समजूत साफ चुकीची होती, आम्ही त्या दिवशी हरलो असतो तर गोल डिफरन्सवर खाली गेलो असतो. सॅमी स्मॉडिक्सनी दोन गोल मारले, २-० जिंकलो, ५३ वर संपलो, जीव भांड्यात पडला. पण बुधवारच्या कागदावर दुसऱ्यांचे निकाल कायम आपल्या विरोधात गेलेत असं धरूनच आकडे मांडायचे, हे त्यातून घ्या.

गोल डिफरन्सचा कॉलम लोक शेवटी बघतात, तो आधी बघा. २०१७ ला शेवटच्या दिवशी नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि आम्ही दोघं ४८ वर, त्यांचा गोल डिफरन्स उणे १३, आमचा उणे १४. एका गोलाचा फरक. आम्ही ब्रेंटफर्डला जाऊन ३-१ जिंकलो, फॉरेस्टनी घरी इप्सविचला ३-० हरवलं, दोघं ५१ वर, ते वाचले आणि आम्ही गेलो. तीच गोष्ट २००८ ला फुलहॅम आणि रेडिंगची, दोघं ३६ वर, फुलहॅम पोर्ट्समथला जाऊन १-० जिंकलं, डॅनी मर्फीचा हेडर, ७६ वं मिनिट, आणि रेडिंग बिचारे डर्बीला जाऊन ४-० जिंकूनसुद्धा खाली, कारण उणे २२ आणि उणे २५. म्हणून ऑक्टोबरमध्ये ४-० हरताना शेवटच्या मिनिटाला पाचवा खाल्ला आणि कोणी म्हणालं "आता काय फरक पडतो", तर त्याला हे दोन सीझन वाचायला द्या.

आणि ते "चाळीस पॉईंट्स झाले की वाचलो" हे पुराण बंद करा. २००३ ला वेस्ट हॅम ४२ घेऊन खाली गेले, २००५ ला वेस्ट ब्रॉम ३४ वर वाचले. चॅम्पियनशिपमध्ये लोक पन्नास म्हणतात, तर आम्ही ५१ वर गेलो, आणि २०१३ ला पीटरबरा तर चक्क ५४ वर गेले, शेवटची मॅच अवेच होती, क्रिस्टल पॅलेसला, बरोबरीत चाललेली आणि अगदी शेवटी गोल खाल्ला. असा कुठलाही जादूचा आकडा नसतो, आपल्या खाली ३ टीम आहेत का एवढंच असतं.

झालं गणित? कागदाची घडी घाला आणि ठेवून द्या. शनिवारपर्यंत परत उघडायचा नाही. फोनवरचं ते टेबल प्रेडिक्टर तर अजिबात नको, रात्री दोनला उठून प्लिमथची मॅच ड्रॉ करून बघणारी माणसं मला माहितीयेत, त्यातून फक्त डोळ्याखाली काळं येतं.

समोरच्या टीमबद्दल काय समजायचं

"त्यांना काही पडलेलं नाहीये, ते सुट्टीच्या मूडमध्ये आहेत" हे वाक्य ग्रुपवर कोणीतरी टाकणारच. हे अर्धं खरं असतं. लेस्टर २०२४ ला खरंच पार्टीच्या मूडमध्ये होते, आमचं भलं झालं. पण १९९५ चा शेवटचा दिवस आठवा, वेस्ट हॅमला काही पडलेलं नव्हतं, ते वाचलेले होते, आणि त्यांनी आमच्याशी टायटलसाठी भांडणाऱ्या मँचेस्टर युनायटेडला १-१ वर अडवलं, त्यांच्या गोलकीपरनी, मिक्लोश्कोनी, काय काय अडवलं त्या दिवशी. त्याच वेळी आम्ही ॲनफिल्डवर २-१ हरत होतो आणि हरूनही चॅम्पियन झालो. म्हणजे ज्याला काही पडलेलं नसतं तो मोकळा खेळतो, आणि मोकळा खेळणारा कोणाचा गळा कापेल सांगता येत नाही. समोरचे पण वाचायच्या धडपडीत असतील तर निदान ते पण घाबरलेत एवढं समाधान मिळतं. मला तर तेच बरं वाटतं.

अवेचं रेकॉर्ड बघायचं का? बघा, पण एकदाच. २००४-०५ ला नॉर्विचच्या हातात सगळं होतं, शेवटच्या दिवशी फुलहॅमला जिंकले असते तर वाचले असते, पण अख्ख्या सीझनमध्ये एकही अवे मॅच जिंकली नव्हती. ६-० हरले. रेकॉर्ड कधीकधी खरं बोलतं, काय करणार.

आशा किती धरायची

हा खरा अवघड भाग. प्रत्येक ग्रुपमध्ये दोन जमाती असतात. एक मंगळवारपासूनच "गेलो आपण, पुढच्या वर्षी लीग वन (तिसरी डिव्हिजन)" म्हणून मोकळे होतात, म्हणजे खरंच गेलो तर "मी म्हणालो नव्हतो का" म्हणता येतं आणि वाचलो तर बोनस. दुसरी जमात २०१५ च्या लेस्टरचे किस्से काढते. ते किस्से भारीच आहेत, नाही म्हणत नाही. लेस्टर कित्येक महिने तळाला, मग शेवटच्या ९ पैकी ७ मॅच जिंकल्या, त्यातली एक बर्नलीला जाऊन, जिथे बर्नलीला पेनल्टी मिळाली, मॅट टेलरनी ती पोस्टला मारली, आणि मिनिटभरात दुसऱ्या टोकाला व्हार्डीचा गोल, १-०. एका मिनिटात दोन क्लबांची नशिबं फिरली, लेस्टर वाचले आणि पुढच्या वर्षी चॅम्पियन, बर्नली खाली. आम्ही ब्लॅकबर्नवाले, बर्नलीचं काही वाईट झालं की आम्हाला ती क्लिप दोनदा बघावीच लागते, तो आमचा शेजारधर्म आहे.

पण या किश्श्यांवर आशा बांधू नका. दर वर्षी ३ टीम खाली जातातच, त्यांचे किस्से कोणी काढत नाही. माझा सल्ला असा की मॅचच्या आदल्या रात्रीपर्यंत पहिल्या जमातीत रहा आणि सकाळी उठल्यावर गुपचूप दुसऱ्या जमातीत जा. सगळे हेच करतात, फक्त बोलत नाहीत. आठवडाभर आशा धरून बसलात तर शनिवारपर्यंत दमून जाल, आणि मॅचच्या दिवशी पण आशा धरणार नसाल तर मग बघताय कशाला, झोपा की.

एक गोष्ट मात्र मनात नीट बसवून घ्या, आपल्या मॅचचा निकाल आणि आपलं नशीब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरून लीग जिंकता येते आणि जिंकून खाली जाता येतं, आमच्या क्लबानी दोन्ही करून दाखवलंय. हे आधीच माहीत असेल तर मॅच चालू असताना धक्के कमी बसतात.

देव, जर्सी आणि चिकन

आई-आजीनी देव पाण्यात घातले तर घालू द्या, ब्लॅकबर्न कुठे आहे हे त्यांना माहीत नसलं तरी चालतं, देवाला माहीत आहे. लकी जर्सी असेल तर ती धुवायची का नाही यावर घरात भांडण होईल, माझ्या मते धुवा, २०१७ ला न धुतलेल्या जर्सी कमी नव्हत्या. मॅचच्या दिवशी चिकन खायचं का नाही हा फक्त आमचा प्रश्न आहे, इतरांनी सोडून द्या, आमच्यात दोन्ही बाजूंनी इतकी जोरदार मतं आहेत की एकदा त्यावरूनच ग्रुप फुटला.

"मी बघायला बसलो की हरतात" म्हणणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. त्याला गच्चीवर पाठवा. तो पण खुश, तुम्ही पण.

घरून बघणाऱ्यांसाठी

वेळ नीट तपासा. मे महिन्यात तिकडची घड्याळं पुढे केलेली असतात, त्यामुळे आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच. २०२४ चा चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस तिकडे दुपारी साडेबाराला होता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी पाच, लग्नाच्या रिसेप्शनला निघायची वेळ. प्रीमियर लीगचा शेवटचा रविवार तिकडचे चार म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. मे महिना म्हणजे लग्नाचे मुहूर्त, तेव्हा फिक्स्चर लागल्या लागल्या घरी तारीख सांगून ठेवा, ऐनवेळी सांगितलं तर मंगलाष्टकं चालू असताना खिशातून फोन काढावा लागतो आणि तो सगळ्या फोटोंत येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्ट्रीम मागे असतं. टीव्हीवर, ॲपवर, क्लबच्या स्वतःच्या स्ट्रीमवर, सगळीकडे अर्धा-एक मिनिट उशीर धरा. म्हणजे काय होतं, तुमच्या स्क्रीनवर अजून थ्रो-इन चालू असतो, लेफ्ट बॅक टॉवेलनी बॉल पुसतोय, आणि टेबलावर ठेवलेला फोन थरथरतो. तो थरथरला म्हणजे गोल झालाय. कोणाचा, ते माहीत नाही. पुढची चाळीस सेकंद तुम्ही त्या टॉवेलकडे बघत बसता, फोन उचलायची हिंमत नाही, आणि बॉल आत येतो, हेडनी उडतो, आणि तोपर्यंत छाती फुटायची वेळ आलेली असते. हे एकदा झालं की पुरे. म्हणून मॅच सुरू व्हायच्या आधी सगळी स्कोअर ॲप्स, बातम्यांची ॲप्स, क्लबचं ॲप, सगळ्यांची नोटिफिकेशन्स बंद, व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट, आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या त्या एका चुलतभावाला आधीच मेसेज करा की बाबा रे नव्वद मिनिटं मला काही पाठवू नकोस, हसणारी इमोजी पण नको.

बाकीच्या मॅचेसचे स्कोअर मग कसे कळणार? एक माणूस नेमा. फक्त एक. तो शेजारच्या खोलीत दुसरा फोन घेऊन बसेल, आणि फक्त टेबल बदललं तरच येऊन सांगेल. गोल झाला म्हणून नाही, टेबल बदललं म्हणून. हा फरक त्याला नीट समजावून सांगा. या कामाला ज्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही पण बेरीज-वजाबाकी चांगली येते असा माणूस बेस्ट, बँकेत काम करणारा असेल तर सोन्याहून पिवळं. आणि त्यानी बातमी ज्या चेहऱ्यानी द्यायची ते पण ठरवून घ्या, दारात उभा राहून नुसता मान हलवणारा माणूस मला सहन होत नाही.

चॅम्पियनशिपच्या सगळ्या मॅच इथे दिसतातच असं नाही. नसेल दिसत तर रेडिओ कॉमेंट्री लावा, आणि खरं सांगू का, कधीकधी तीच बरी. कॉमेंटेटरचा आवाज चढला की कळतं कोणाचा अटॅक आहे, आवाज पडला की समजून जायचं. फक्त डोळे मिटून ऐकू नका, डोळे मिटले की समोर आपला गोलकीपर दिसायला लागतो.

मैदानावर जाणाऱ्यांसाठी

लेस्टर, मँचेस्टर, लंडनला शिकायला किंवा नोकरीला असलेली आपली बरीच मंडळी आहेत, आणि कधीतरी कोणीतरी म्हणतं चल, अवे मॅचला जाऊ. जा. पण तिकीट अवे एंडचंच, म्हणजे पाहुण्या टीमच्या फॅन्सच्या भागातलंच काढा. अशा मॅचची अवे तिकीटं आधी सीझन तिकीटवाल्यांना आणि जे वर्षभर बाहेरच्या मॅचेसना जातात त्यांना मिळतात, उरली तर बाकीच्यांना, आणि असल्या दिवशी उरत नाहीत. मग लोक काय करतात, होम एंडमधलं तिकीट घेतात आणि ठरवतात की गप्प बसू. गप्प बसवत नाही हो. आपल्या टीमनी गोल मारला की माणूस उठतोच, आणि मग स्टुअर्ड येऊन दंडाला धरून बाहेर काढतो, उरलेली मॅच पार्किंगमधून ऐकायची. गप्प बसायची खात्री नसेल तर घरीच थांबा.

सपोर्टर्सच्या कोचनी (बसनी) जाणार असाल तर बिअरचे कॅन घेऊन चढू नका, १९८५ च्या कायद्यानी मॅचला जाणाऱ्या कोचमध्ये दारू न्यायला बंदी आहे, आणि आत गेल्यावरही मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही, मागच्या पॅसेजमध्येच प्यायची आणि ग्लास तिथेच ठेवायचा. ट्रेननी जाणार असाल आणि रविवार असेल तर रुळांची कामं निघालेली असतात, आदल्या दिवशी बघा, नाहीतर शेवटचे पस्तीस मैल बदली बसनी.

लेस्टरला असाल तर स्टेशनवरून मैदान चालत वीसेक मिनिटांवर आहे, पण त्याआधी बेलग्रेव्ह रोडला चक्कर मारा, गुजराती दुकानांची रांगच्या रांग, कचोरी-ढोकळा पोटभर मिळतो आणि इंग्रजांच्या त्या गरम पायवर (सारण भरलेला pie) अवलंबून राहावं लागत नाही. पोटात गोळा आलेला असताना पाय खाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आत काय आहे कळत नाही आणि जीभ भाजते ती वेगळी.

अवे एंडमध्ये सगळे पूर्ण वेळ उभे असतात, सीट नंबर नावालाच. मे महिना असला तरी जाड जॅकेट घ्या. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, तीस हजार माणसं एकाच वेळी फोन काढतात आणि सगळं अडकतं, पॉवर बँक असूनही उपयोग नसतो. मग काय होतं तर अफवा. कुठूनतरी खालच्या रांगेतून एक ओरडा उठतो, तो वर वर सरकत येतो, सगळे एकमेकांना मिठ्या मारतात, बर्मिंगहॅमनी गोल खाल्लाय म्हणे. दोन मिनिटांनी कळतं काहीच झालेलं नाहीये. नियम सोपा आहे, जोपर्यंत वेगवेगळ्या दिशांनी दोन माणसं तेच सांगत नाहीत तोपर्यंत मिठी मारायची नाही. आणि होम फॅन्सच्या आवाजावरून तर काही ठरवूच नका, ते मुद्दाम खोटा जल्लोष करतात, आपली गंमत बघायला.

मॅच चालू झाल्यावर

लवकर गोल मारला तर सगळ्यात वाईट. खरंच. २०१७ ला ब्रेंटफर्डला पहिल्या वीस मिनिटांतच आम्ही २-० पुढे होतो आणि तिकडे फॉरेस्ट ०-० वर, म्हणजे त्या क्षणी आम्ही वाचलेलो होतो. मग हाफ टाइमच्या जरा आधी फॉरेस्टला पेनल्टी. उरलेला सगळा वेळ आपली टीम पुढे असून पुरत नाही, एकतर आपण अजून मारायला हवा नाहीतर गोल दुसरीकडे व्हायला हवा, आणि तो इप्सविचनी मारायला हवा, ज्यांना मारायची काही घाई नव्हती. यावर उपाय नाही. पाणी प्या.

२०११ चं मोलिन्यू मात्र आठवून ठेवा, हाफ टाइमला आम्ही ३-० पुढे. तेव्हा पण लोक आरामात नव्हते, आणि बरोबर होते, वुल्व्ह्जनी एक परत केला, मग ८७ व्या मिनिटाला स्टीफन हंटनी दुसरा. ३-२. आणि त्या दुसऱ्या गोलानंतर सगळं स्टेडियम गणित करायला लागलं, कारण तो गोल वुल्व्ह्जला वाचवत होता आणि आम्ही तर वाचलेलोच होतो, म्हणजे आता असंच राहिलं तर दोघंही खुश. शेवटची काही मिनिटं कोणालाच काही करायचं नव्हतं. तिकडे टॉटेनहॅमला बर्मिंगहॅम हरले, लीग कप जिंकलेल्या वर्षीच खाली गेले. असा शेवट आयुष्यात एकदाच मिळतो, त्याच्या आशेवर राहू नका, पण हाफ टाइमला ३-० असलं तरी चहा ठेवायला उठू नका हे नक्की.

हाफ टाइमला फोन बघायचा नाही. बुधवारचा कागद आता काढायचा, हाच त्याचा टाइम. आत्ताचे स्कोअर त्यात भरा, आपल्याला काय लागतंय ते बघा, परत घडी. पंधरा मिनिटं हाताला काम मिळतं. आणि मागे असाल तरी फुलहॅमचं एक लक्षात ठेवा, एप्रिल २००८, मँचेस्टर सिटीला हाफ टाइमला ०-२, तो स्कोअर तसाच राहिला असता तर त्याच दिवशी खेळ खलास, आणि इंज्युरी टाइममध्ये कामाराच्या गोलानी ३-२ जिंकले. हे मी आशा वाढवायला सांगत नाहीये, चॅनल बदलू नका म्हणून सांगतोय.

शिट्टी वाजल्यावर

आपली शिट्टी वाजली म्हणजे संपलं असं नाही, दुसरीकडे अजून चार मिनिटं चालू असतात. त्या चार मिनिटांत कोणालाही फोन करायचा नाही, स्टेटस टाकायचं नाही, पेढे उघडायचे नाहीत.

वाचलात तर रात्रभर क्लिप्स बघा, सोमवारी ऑफिसात "तुमची टीम पंधरावी आली का सोळावी" असं कोणी विचारलं तर एकोणिसावी म्हणून अभिमानानी सांगा. गेलात तर पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका, जर्सी कोणाला देऊन टाकू नका. आम्ही २०१७ ला गेलो आणि वर्षभरात डॉनकास्टरला, परत अवेच, मलग्रूच्या गोलानी १-० जिंकून वर आलो. लीग वनमधले प्रवास तर अजून मजेशीर असतात म्हणे, इथून बघायला मात्र स्ट्रीम अजून वाईट.

आणि जो क्लब तुमच्याऐवजी खाली गेला त्याचा फॅन ओळखीचा असेल तर त्याला लगेच मेसेज करू नका, सांत्वनाचा तर मुळीच नाही. आमच्या बाबतीत २०२४ ला ते बर्मिंगहॅमवाले होते, आणि त्यांचं दुःख जरा जास्तच होतं, कारण ऑक्टोबरमध्ये ते सहाव्या नंबरवर असताना त्यांनी मॅनेजर जॉन युस्टेसला काढून वेन रूनीला आणलं, आणि तोच युस्टेस फेब्रुवारीत आमच्याकडे येऊन आम्हाला वाचवून बसला. बुधवारपर्यंत थांबा, मग क्रिकेटवरून बोलायला सुरुवात करा, आणि युस्टेसचं नाव काढू नका. आमच्यासमोर पण काढू नका, फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही वर चांगल्या जागी असताना तो डर्बीला निघून गेला, जे तेव्हा खालच्या तिघांत होते, आणि त्यांना पण वाचवलं त्यानी.